कासमचाचा आणि रिकामं मशीन

कासमचाचांनी आजवर ज्या ज्या गोष्टींना लाल टॅग लावलाय त्यात पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर आणि एकदा माझा नवरा आहे. नितीनच्या पाठीत उसण भरली होती. तो खुर्चीत वाकडा होऊन बसला होता आणि मी त्याला तांदळाची पिशवी आत ने म्हणून सांगत होते. चाचा काहीतरी विचारायला दारात आले, त्यांनी एकदा नितीनकडे बघितलं, एकदा पिशवीकडे बघितलं आणि परत गेले. आले ते टॅग घेऊनच. खुर्चीच्या हाताला तो दोऱ्यानं बांधला. दुरुस्ती चालू आहे, चालवू नये, असं त्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं होतं. पाठ सरळ होईपर्यंत टॅग तिथे लटकत होता, आणि खरं सांगते, नितीनला उठवायची माझी काय बिशाद.

हे टॅग इथल्या, कतारमधल्या, मेसईदहून येतात. तिथल्या एका खताच्या कारखान्यात चाचा स्टोअर सांभाळतात. कारखान्यात म्हणे कुठलंही मशीन उघडायचं तर आधी परमिट काढायचं, मग त्याची वीज तोडायची, मग त्याला टॅग लावायचा. आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याला दुसऱ्याच्या टॅगला हात लावता येत नाही. दुनियेत एवढा न्यायाचा नियम दुसरा नाही, असं चाचांचं मत आहे. कारखान्यानं निकालात काढलेले जुने टॅग त्यांनी परवानगीनं घरी आणले, आणि टॅगांबरोबर नियमही आला.

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही राहतो ते घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचे केलेले तुकडे. मालकानं मधे जिप्समच्या भिंती घातल्यात. त्या दिसायला भिंतीसारख्या आहेत, बाकी काही नाही. मी नितीनला काही ठासून सांगत असले आणि पलीकडे चाचा शिंकले, की नितीन म्हणतो, सत्य आहे. आम्ही सांगलीचे. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. इथे आले तेव्हापासून ते बॅचलर आहेत. बॅचलर म्हणजे तुम्हाला वाटतं तसं नाही. कतारमध्ये बॅचलर म्हणजे ज्याची बायको गावी आहे तो. चाचांची मुलगी लग्न होऊन बाळंतीण झाली तरी चाचा बॅचलरच.

मशीनच्या बाबतीत चाचांचं एक तत्त्वज्ञान आहे. मशीनला आधी सांगावं लागतं. वॉशिंग मशीन लावायचं तर ते बोटाच्या पेरानं त्याच्यावर दोनदा टकटक करतात, मग बटण दाबतात. फ्रिज बंद करायचा तरी टकटक. झोपलेल्या माणसाला हिसडा देऊन उठवलं तर त्याचं डोकं फिरतं की नाही, तसंच मशीनचं, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते बँकेच्या पैसे काढायच्या मशीनवर टकटक करत होते तेव्हा तिथला नेपाळी सिक्युरिटीवाला धावत आला. चाचांनी त्यालाही हे सगळं समजावून सांगितलं. नितीन शपथेवर सांगतो की तो सिक्युरिटीवाला आता स्वतः टकटक करतो.

पण चाचांचा खरा जीव कॉम्प्युटरवर. टेबलाखाली उभा एक जाडजूड डबा, वर पडदा, आणि पडद्याच्या डोक्यावर कपड्याच्या चिमट्यानं अडकवलेला कॅमेरा. कीबोर्डवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलंच नाही, त्यामुळे चाचा टाइप करायला लागले की पलीकडून कुणी वेफर्सचं पाकीट फोडतंय असं वाटतं. कॉम्प्युटर ज्या खोक्यात आला ते खोकं, आतल्या थर्मोकोलसकट, कपाटावर. घरी परत जाताना लागेल म्हणून. खोलीतला एसीसुद्धा कॉम्प्युटरचा. तो चालू असला की एसी चालू, आणि चाचा स्वतः बाहेर बोळात पंख्याखाली, तेही ऐन जुलैत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, माणूस पाणी पिऊन थंड होतो, त्याला कुठून पाणी पाजू?

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की चाचा कॉम्प्युटरसमोर बसत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. कॅमेऱ्यात त्यांच्या मागची एकच भिंत दिसते. त्या भिंतीला पडदा आहे, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं आहेत, आणि ती दर गुरुवारी पुसली जाते. उरलेल्या तीन भिंतींबद्दल मी न बोललेलं बरं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर गावचं घर दिसायचं आणि चाचांची बायको, सकीनाभाभी, दिसायच्या. फोनवर बोला की, असं आम्ही सुचवून बघितलं. फोन हलतो, म्हणाले, आणि हलणाऱ्या वस्तूवर घरच्या माणसांशी बोलू नये.

त्या कॉम्प्युटरशी माझी पहिली गाठ पडली ती आवाज येत नव्हता म्हणून. आवाजाची वायर भलत्याच भोकात होती, ती काढून बरोबर भोकात घातली. उठता उठता बघते तर कोपऱ्यातलं घड्याळ अडीच तास पुढे. माझा स्वभाव म्हणजे चूक दिसली की हात शिवशिवतात, मी ते दोह्याच्या वेळेला लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी चाचा दारात उभे. चेहरा असा की घरात चोरी झालीय.

"बाय, माझ्या मशीनची वेळ कुणी हलवली?"

मी म्हटलं, चाचा, ते भारताची वेळ दाखवत होतं, मी दुरुस्त केलं. दाखवू दे की, ते म्हणाले. अहो, पण आपण दोह्यात आहोत.

"आपण आहोत. ते नाही."

त्याला पहिल्यापासून तीच सवय आहे आणि सवय मोडली की मशीन बिघडतं, एवढं कारण देऊन चाचांनी माझ्याकडून घड्याळ पुन्हा अडीच तास पुढे करून घेतलं. मी हा किस्सा माझ्या लुसैलच्या ऑफिसात रंगवून सांगितला आणि सगळे खूप हसले. त्यानंतर कधीमधी मी बघायचे, चाचा सकाळी कंपनीच्या बसला निघण्याआधी त्या खोलीत डोकावायचे, पडद्याच्या कोपऱ्याकडे बघायचे आणि मग चपला घालायचे. मला वाटायचं, मशीन ठीक आहे ना ते बघतात.

गेल्या वर्षी चाचांची आई गेली. म्हातारी फार वर्षं अंथरुणाला होती आणि सकीनाभाभींनी तिचं सगळं केलं. भाभी दोह्याला कधीच आल्या नाहीत त्याचं एक कारण घरच्यांना व्हिसा न देण्याचा कंपनीचा नियम होता, आणि दुसरं कारण ती खाट. चाचा गावी जाऊन मातीला हजर राहिले, परत आले आणि म्हणाले, खलास, आता पुरे, आता घरी. कंपनीत तसं सांगूनही आले.

गल्फमधून कायमचं घरी जाणाऱ्या माणसाला कार्गोवाला गाठावा लागतो. आमच्या गल्लीत येतो तो केरळचा, हिंदी बोलतो आणि फार शिस्तीचा. त्यानं चाचांना बजावलं, की फ्रिज खाली, कपाट खाली, जे जे पाठवायचं ते आतून सगळं खाली पाहिजे. आत काही मिळालं की कस्टमवाले अख्खं सामान उघडून बघतात. चाचांना हे नवीन नव्हतं. कारखान्यातून टाकी बाहेर जायची तर ती आतून कोरडी ठणठणीत लागते, थेंबही चालत नाही. त्यांनी फ्रिज रिकामा केला. वॉशिंग मशीनच्या नळीतलं पाणी उलटं धरून काढलं. कपाटाचे खण काढले. आणि मग ते कॉम्प्युटरकडे वळले.

हो, तुम्ही बरोबर ओळखलंत. नातेवाइकांचे फोटो त्यांनी शहाण्यासारखे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिवड्याच्या डब्यात ठेवला. मग कारखान्यातल्या कुणाला तरी फोन लावून, आतलं सगळं, अगदी तळापासून, कसं काढायचं ते विचारून घेतलं आणि तसं केलं. फोनवरच्या माणसाला वाटलं असणार, चाचा मशीन विकतायत. एका शुक्रवारी दुपारभर मला भिंतीपलीकडून वेफर्सचं पाकीट ऐकू येत होतं. फोटो गेले, पत्ते गेले, आणि ज्याच्या जिवावर कॉम्प्युटर चालतो ते विंडोजही गेलं. त्या आधी त्यांनी डब्याला बॅगा तोलायचा काटा अडकवून वजन करून ठेवलं होतं. रिकामा झाल्यावर पुन्हा केलं. एवढं सगळं काढून काटा तसूभर हलला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी डब्याला लाल टॅग लावला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: रिकामं आहे.

आणि मग मजा बघा. चाचांच्या जागेवर जो माणूस येणार होता तो आलाच नाही. कंपनीनं चाचांना बोलावून सांगितलं, अजून थोडं थांबा, आणि या वेळी घरच्यांचा व्हिसाही करून देतो. सगळी हयात ज्याची वाट बघितली ते त्यांना सामान बांधून झाल्यावर मिळालं. चाचांनी खोक्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि भाभींना फोन लावला.

भाभी लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्या बाई विचार करून बोलणाऱ्या. मुलगी रुखसार रत्नागिरीत, तिचं बाळ अजून मान धरत नव्हतं, आणि घर सोडून कधी कुठे राहण्याची सवय नाही. बरेच दिवस गेले आणि मग उत्तर आलं. एक महिना येऊन बघते, करमलं तर राहीन, नाहीतर माझी मी परत जाईन. आणि एक अट. नातवाचं तोंड मला रोज तुमच्या त्या मोठ्या पडद्यावर दिसलं पाहिजे. फोनवर तो मला चिंचोक्याएवढा दिसतो, माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. चाचांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, इन्शाल्ला, पडदा तयार आहे. मशीन रिकामं केल्याचं त्यांनी भाभींना सांगितलंच नव्हतं.

मग माझ्या दारावर दोनदा टकटक झाली. माणसांनाही आधी सांगावं लागतं.

चाचांनी मला सगळी हकिगत सांगितली. भाभी गुरुवारी येणार. मशीन चालू केलं की काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, की आत चालवण्यासारखं काही नाही. मी आधी हसले, मग त्यांचा चेहरा बघितला. ते खरंच घाबरले होते. ती दारातून आत येईल, मशीनसमोर बसेल, आणि काळा पडदा बघेल, म्हणाले. उतरतानाच जिचं मन खट्टू झालं तिला इथे काय करमणार गो? आणि ती गेली की मी पण खोकी बांधणार, मला आता एकट्यानं होत नाही. हे शेवटचं ते जिन्याकडे बघत म्हणाले.

आता माझी गोष्ट अशी, की मी आयटीत आहे पण टेस्टर आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. दुरुस्त करणारे वेगळे बसतात. कॉलेज सोडल्यापासून मी कुठल्याही मशीनवर काही चढवलेलं नव्हतं. पण हे ओल्ड एअरपोर्टमध्ये कुणाला पटत नाही. आयटीत आहे म्हटलं की लोक इस्त्रीसुद्धा दाखवायला आणतात. मी सोपा मार्ग काढला. चाचा, म्हटलं, हे मशीन म्हातारं झालंय, नवीन घेऊन टाका, आता स्वस्त मिळतात.

चाचा माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांच्या घरच्या कुणाला तरी आश्रमात ठेवा म्हणाले होते.

"सकीनानं त्याला एकदाही बघितलेलं नाही. त्यानं तिला इतकी वर्षं बघितलंय. आता ती येतेय, आणि मी त्याला कचऱ्यात देऊ?"

झालं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी नाश्ता करून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. चाचांनी दार सताड उघडं ठेवलं होतं, नितीनसाठी वेगळी खुर्ची आणि खजुराची बशी मांडली होती. एसी चालू होता, कारण पेशंट आत होता. कामाला हात लावायच्या आधी परमिट. काम काय, करणार कोण, किती वेळ लागेल, आणि आग लागली तर पळायचं कुठून. मी दाराकडे बोट दाखवलं. चाचांनी 'रिकामं आहे'वाला टॅग स्वतः सोडला, कारण लावला त्यांनीच होता, आणि दुसरा, दुरुस्ती चालू आहेवाला, बांधला. यल्ला, करा सुरू, म्हणाले, आणि बोळातल्या पंख्याखाली जाऊन तिथून मान वाकडी करून बघत बसले.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून मी नव्यातलं नवं विंडोज पेन ड्राइव्हवर आणलं होतं. ते लावलं. मशीननं बराच वेळ घरघर केली आणि मग सांगून टाकलं की या वयात हे आपल्याला झेपणार नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी टेबलावर हात आपटला. नितीननं खजूर खाता खाता विचारलं, की तुझ्या डिग्रीत हे नव्हतं का. बोळातून चाचा शांतपणे म्हणाले, तू त्याला सांगितलंच नाहीस.

मी इंजिनिअर आहे. फर्स्ट क्लास आहे. मी खाली वाकले आणि त्या डब्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली.

त्यानं काही फरक पडला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण वाकल्यामुळे डोकं थंड झालं आणि आठवलं, की जुन्या मशीनसाठी दुसरी एक हलकी प्रणाली मिळते, लिनक्सच्या जातीतली, आणि ती फुकट असते. नितीनला लॅपटॉप आणायला पिटाळलं आणि ती उतरवून घ्यायला लावली. फुकट म्हटल्यावर चाचा बोळातून उठून आत आले. फुकट कोण देतं, त्यात काय मेख आहे, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, मेख नाही, जगभरातल्या लोकांनी मिळून ती बनवलीय आणि कुणीही वापरा म्हणून सोडून दिलीय. चाचा विचारात पडले. मग हे सवाबाचं काम आहे, म्हणाले. आमच्याकडे वाटसरूंसाठी पाणपोई घालतात तसं. आणि त्यांनी त्या अनोळखी लोकांसाठी तिथल्या तिथे दुवा मागितली.

या वेळी मशीन ऐकायला लागलं. पडद्यावर रंग आला. चाचा चष्मा लावून माझ्या मागे उभे राहिले, एसीत, हे मी पहिल्यांदा बघत होते. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, असे प्रश्न येत होते आणि मी भराभर उत्तरं देत होते. मग त्यानं विचारलं, आत जे काही असेल ते सगळं पुसून टाकू का. मी वळून चाचांकडे बघितलं. पूस म्हणावं, ते ऐटीत म्हणाले, मी काही ठेवलं असेल तर सापडेल ना.

पुढच्या पानावर जगाचा नकाशा आला. वर इंग्रजीत प्रश्न होता, तुम्ही कुठे आहात? नकाशावर जागा दाखवली की मशीन तिथली वेळ धरतं. मी मागच्या अनुभवानं शहाणी झाले होते. चाचांना न विचारताच भारतावर टिचकी मारली, तो पट्टा उजळला, आणि मी म्हटलं, बघा चाचा, घरची वेळ लावली, या वेळी विसरले नाही.

मी पुढे जायचं बटण दाबणार तेवढ्यात चाचा वाकले.

"ह्यात कतार कुठे आहे गो बाय?"

मी दाखवलं. अरबस्तानच्या अंगाला फुटलेलं बोटाच्या नखाएवढं टोक. चाचांनी चष्मा वर सरकवून ते नीट बघून घेतलं. एवढंसंच आहे, म्हणाले. आणि मग म्हणाले, तिथे ठेव.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चाचा, म्हटलं, मशीनची सवय मोडेल, ते बिघडेल, तुम्हीच म्हणाला होतात.

"सवय मशीनला नव्हती, बाय. मला होती. सकाळी बसला निघायच्या आधी एकदा बघायचो. तिकडे तेव्हा ती आईला औषध देत असायची. संध्याकाळी आलो की बघायचो, तिकडे जेवणं आटपून भांडी घासत असायची. अडीच तासांचा हिशोब मनात पण करता येतो, मी काय अडाणी आहे? पण हिशोब केला की माणूस लांब जातं. तिथे नुसती वेळ दिसली की वाटायचं, मी त्याच घरात आहे, ती फक्त पडवीत गेलीय."

नितीननं हातातला खजूर खाली ठेवला. मी ऑफिसात तो किस्सा किती रंगवून सांगितला होता ते आठवलं, आणि मला एकदम भरून आलं. चाचांना ते कळलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, आता गुरुवारनंतर ती इथे आहे, मग तिकडची वेळ कशाला वाया घालवायची. मी त्या टोकावर टिचकी मारली. घड्याळ अडीच तास मागे आलं.

त्यानंतरच्या पानावर प्रश्न होता, तुम्ही कोण? इथे मशीन वापरणाऱ्याचं नाव घालायचं असतं. मी कासम लिहायला लागले तर चाचांनी हात आडवा केला. सकीना लिही, म्हणाले. कोण येतंय ते त्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

जेवायच्या वेळेपर्यंत सगळं मार्गी लागलं. कॅमेरा लागला, आवाज लागला, चिवड्याच्या डब्यातून पेन ड्राइव्ह निघाला आणि फोटो परत आत गेले. चाचांनी टॅग सोडला, डब्यावर दोनदा टकटक केली आणि आम्हाला कोळंबीचं कालवण खाऊ घातलं. उरलेले दिवस ते बाकीच्या तीन भिंतींच्या मागे लागले. बुधवारी मला जिप्समपलीकडून खिळे ठोकल्याचे आवाज आले आणि आमच्या भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर खाली पडलं. मी ते परत लावलं.

गुरुवारी भाभी आल्या. बुटक्या, गोऱ्या, आणि नजर अधू असली तरी कोपऱ्यातली धूळ बरोबर हेरणाऱ्या. त्यांनी माझ्या हातावर कोकमं आणि सुके बोंबील ठेवले, त्यातलं आम्हाला काय चालतं ते न विचारता. दोन्ही चाललं. शुक्रवारी दुपारी मी शिरा घेऊन गेले तर भाभी मशीनसमोर बसल्या होत्या आणि मोठ्या पडद्यावर त्यांचा नातू हातपाय झाडत होता. आता दिसला, भाभी म्हणाल्या, कान बापाचे आहेत, नशीब नाक आमचं आहे. रुखसार तिकडून हसत होती. चाचा शेजारी स्टुलावर, एसीत, इस्त्रीच्या शर्टात. लुंगीच्या जागी पँट होती, कारण आता खालचंही दिसत होतं.

बोलता बोलता भाभींनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघितलं. मग बोटांची पेरं मोजली, तासातासाला एक आणि वर अर्धं.

"रुखसार, तिकडे पाच वाजत आले ना? जा, चहा ठेव. आम्ही इथे आत्ता जेवून उठलो."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग पटकन मान वळवली आणि चष्मा पुसायला घेतला. पुसलेला चष्मा त्यांनी परत पुसला.

भाभींचा महिना मी धास्तीनं मोजला. त्यांना उन्हाळा मानवेना, दुकानातली पोळी आवडेना, आणि समोरच्या मशिदीतल्या बायकांचं बोलणं कळेना. चाचांनी त्यांना काही विचारलं नाही. विचारायला घाबरत होते. महिना सरत आला तेव्हा मी एकदा मिरच्या मागायला गेले. भाभी आत भाकऱ्या थापत होत्या. बोळात, कपाटाच्या वर, त्यांची गावाहून आणलेली निळी बॅग ठेवली होती आणि तिच्या मुठीला लाल टॅग बांधलेला होता. चालवू नये.

मला हसू आवरेना. चाचा पंख्याखाली पेपर वाचत होते. मी हळूच म्हटलं, काय हो चाचा, बायकोच्या बॅगेलाही टॅग? त्यांना परत जायचं असलं तर?

चाचांनी पेपर खाली घेतला. एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा भाकऱ्यांच्या आवाजाकडे कान दिला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मी नाही लावला गो."